पाणी, जंगल, मजुरी, बाजार, कार्बन: गावाने आधी काय धरावं?

नाशिक, जालना, सोलापूरच्या कोरड्या पट्ट्यात प्लास्टिक अंथरलेली शेततळी ठिकठिकाणी दिसतात. ३० बाय ३० मीटर, ३ मीटर खोल आणि १:१ उताराच्या तळ्यात साधारण २,२०० घनमीटर पाणी मावतं. वाहून जाणारं पावसाचं पाणी धरणं हा मूळ हेतू. प्रत्यक्षात बरीच तळी पावसाळ्याच्या शेवटी विहिरीतून किंवा बोअरमधून उपसून भरली जातात. जमिनीखाली झाकलेलं पाणी उन्हात उघडं पडतं आणि उन्हाळ्यात दिवसाला ६-८ मिलीमीटर हवेत उडून जातं. ज्याची बाग आहे त्याचं वर्ष निघतं. शेजारची विहीर मात्र फेब्रुवारीतच तळ गाठते आणि ज्याच्याकडे तळं नाही तो कोयता घेऊन ऊसतोडीला जातो. उत्पन्नाचा प्रश्न सोडवायला गेलो आणि पाण्याचा, स्थलांतराचा वाढवून बसलो.

हवामान, पाणी, कर्ज, रोजगार, जंगल यांची संकटं अशी एकमेकांत अडकलेली आहेत. त्यावर जगभर जे पर्यायी अर्थविचार मांडले जातात, म्हणजे निसर्गाच्या मर्यादेतलं अर्थकारण, सामायिक संपदा, कामाची हमी, उत्पादकांची मालकी, प्रदूषणाला किंमत, त्या प्रत्येकाचं गावपातळीवरचं रूप महाराष्ट्रात आधीपासून चालू आहे. कुठल्या गावाने कशापासून सुरुवात करावी, हे ठरवू पाहणाऱ्या सरपंचांसाठी, ग्रामसभांसाठी आणि गावात काम करणाऱ्या संस्थांसाठी ही तुलना आहे.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. यातले काही पर्याय मर्यादा ठरवतात आणि काही पैसा आणतात. मर्यादा ठरण्याआधी पैसा आला की ती नंतर बसवता येत नाही, कारण तोवर बाग लागलेली असते आणि कर्जाचा हप्ता सुरू झालेला असतो.

| पर्याय | सुरुवातीचा खर्च | पहिला पैसा कधी | सहसा कुठे अडतं |
|---|---|---|---|
| पाण्याचा ताळेबंद | जवळपास शून्य | थेट पैसा नाही | मोठे बागायतदार ऐकत नाहीत |
| सामूहिक वनहक्क | कमी, पण कागदपत्रं भरपूर | हक्क मिळाल्यानंतरच्या हंगामात | दावा उपविभागात पडून राहतो |
| रोजगार हमी | गावाचा नाही | काही आठवड्यांत | मागणीची तारीखवार पावती मिळत नाही |
| शेतकरी उत्पादक कंपनी | काही लाख खेळतं भांडवल | पहिल्या खरेदी हंगामात | भांडवल आणि सभासदांची बाहेर विक्री |
| कार्बन क्रेडिट | कंपनी करते, पण वाट्यातून वळती होते | काही वर्षांनी | कराराची मुदत आणि वाटा |

पाण्याचा ताळेबंद

अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार यासाठी ओळखलं जातं. पाऊस जेमतेम ४०० मिलीमीटरच्या आसपास. गावचं सरपंचपद सांभाळलेल्या पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने गावाने चराईबंदी, कुऱ्हाडबंदी केली. शेतीसाठी बोअर नको, ऊस-केळी नको, असंही ठरवलं. आपल्याकडे पाणी किती आणि त्यात कुठली पिकं बसतात, याचा हिशेब तिथे दरवर्षी मांडला जातो.

हिशेब अवघड नाही. एक हेक्टरवर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर, १० हजार लिटर पाणी. गावाचं क्षेत्र १,००० हेक्टर आणि पाऊस ४०० मिलीमीटर धरला तर वरून पडलं ४० लाख घनमीटर. आपल्या काळ्या कातळात त्यातलं फार थोडं मुरतं. कातळ सच्छिद्र की ठोस, यावर प्रमाण बदलतं. कच्च्या अंदाजाला १० टक्के धरा, म्हणजे ४ लाख घनमीटर. ठोस कातळाच्या गावाने तर याहून बरंच कमी धरावं. हजार माणसांना रोज ५५ लिटरप्रमाणे वर्षाला सुमारे २० हजार घनमीटर लागतात, ५०० मोठ्या जनावरांना रोज ५० लिटरप्रमाणे सुमारे ९ हजार. शेतीला उरले ३ लाख ७० हजार. पाटपाण्याने भिजवलेल्या उसाला हेक्टरी २० हजार घनमीटर सहज लागतात, म्हणजे गावात १८ हेक्टर ऊस लागला की पाणी संपलं. हेच पाणी हरभऱ्याला दोन-तीन पाळ्यांत, हेक्टरी २ हजार घनमीटरने दिलं तर १८५ हेक्टर भिजतात. ग्रामसभेत फळ्यावर हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले की पुढची चर्चा कुठे जाते ते बघा.

करायचं ते असं. शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या आवारात, झाडा-भिंतीपासून लांब पर्जन्यमापक बसवायचा आणि रोज सकाळी साडेआठला नोंद घ्यायची. गावाच्या माथ्यावरच्या, मधल्या आणि खालच्या अशा किमान सहा-आठ विहिरींची पाणीपातळी ऑक्टोबरात आणि मेअखेर मोजायची. मोजण्याआधी निदान आदल्या रात्रीपासून त्या विहिरीवरची मोटार बंद हवी. हे हमखास विसरलं जातं आणि आकडे वाया जातात. ऑक्टोबरअखेर, रब्बीची पेरणी उरकण्याआधी ग्रामसभा घ्यायची. डिसेंबरात घेतलेल्या सभेला अर्थ नाही, पिकं उभी असतात.

अडतं ते अंमलबजावणीपाशी. २००९ च्या राज्य भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधन आहे, पण रात्री आलेली बोअरची गाडी कायद्याने थांबत नाही, गावाने अडवली तरच थांबते. दुसरं म्हणजे बंदीचा भार कोणावर पडतो ते पाहावं लागतं. चराईबंदी ऐकायला सोपी वाटते, पण तिचा पहिला फटका चार शेळ्यांवर घर चालवणाऱ्या भूमिहीन बाईला बसतो. बंद केलेल्या कुरणातलं गवत कापून नेण्याचा पहिला हक्क अशा घरांना लेखी द्यावा. नाहीतर मर्यादा गरिबांना आणि पाणी बागायतदारांना, अशी वाटणी होऊन बसते.

सामूहिक वनहक्क

जंगल असलेल्या गावाला याच्या तोडीचा पर्याय नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला आपल्या पारंपरिक हद्दीतलं जंगल राखण्याचा, त्याचं व्यवस्थापन करण्याचा आणि गौण वनोपज विकण्याचा हक्क दिला. बांबू, तेंदूपत्ता, मोहफूल, हिरडा, चारोळी हे सगळं गौण वनोपजात येतं. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरांवर हा हक्क मिळाला. सामायिक संपदेवर आयुष्यभर काम केलेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना अर्थशास्त्राचं नोबेलही त्याच वर्षी मिळालं. हद्द स्पष्ट हवी, नियम वापरणाऱ्यांनीच करावेत, देखरेख त्यांचीच असावी, दंड लहानापासून चढत जावा, या त्यांच्या निष्कर्षांपैकी बरंच काही मेंढ्यात आधीच रुळलं होतं. तरीही बांबू विकायला वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडायला एप्रिल २०११ उजाडलं. हक्काचा कागद आणि हक्काचा वापर यांत जाणारा वेळ धरूनच नियोजन करा.

दाव्याची वाट अशी आहे. ग्रामसभा १० ते १५ जणांची वनहक्क समिती निवडते. तिच्यात किमान दोन तृतीयांश आदिवासी आणि किमान एक तृतीयांश महिला हव्यात. २०१२ च्या दुरुस्तीनंतर सभेला निम्मे सदस्य हजर लागतात, त्यांतही एक तृतीयांश महिला. हजेरी नोंदवताना बाया-पुरुषांच्या सह्या-अंगठ्यांची बेरीज वेगवेगळी लिहा, कारण गणपूर्तीचं कारण दाखवून दावा परत पाठवणं सगळ्यात सोपं असतं. अनुसूचित क्षेत्रात पाड्याचीही स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते. तिथे निम्मी हजेरी जमवणं दहा पाड्यांच्या ग्रामपंचायतीपेक्षा किती तरी सोपं जातं.

सामूहिक वनसंपत्तीचा दावा नमुना ‘क’ मध्ये करायचा. पुरावे किमान दोन लागतात. विदर्भात तहसिलीतलं निस्तार पत्रक, म्हणजे गावाच्या जुन्या वापरहक्कांची नोंद, हा भक्कम पुरावा. त्याच्या जोडीला वडीलधाऱ्यांचे जबाब, देवस्थानं, स्मशानभूमी, जुन्या गुरवाटा दाखवणारा नकाशा. शेजारच्या गावांना बोलावून शिवेवर एकत्र चालत जायचं आणि त्यांची सही घ्यायची. ही शिवार फेरी टाळलेल्या गावांचे दावे पुढे भांडणात अडकतात. मग उपविभागीय समिती आणि जिल्हास्तरीय समिती. प्रत्येक ठिकाणी पोच घ्या. दावा फेटाळला तर कारण लेखी मागा, अपिलाची मुदत ६० दिवसांची आहे.

हक्क मिळाल्यावर खरी परीक्षा बांबूच्या बेटापाशी होते. तीन वर्षांखालचा बांबू तोडायचा नाही, चालू वर्षाचे कोंब तर नाहीच. तोड जमिनीपासून वीतभर उंचीवर, पेराच्या गाठीच्या लगेच वर, म्हणजे पोकळीत पाणी साचून कूज लागत नाही. प्रत्येक बेटात आठ-दहा पक्के बांबू उभे राहू द्यायचे आणि तोड घोड्याच्या नालेच्या आकारात एका बाजूने आत शिरत करायची. पावसाळ्यात तोड बंद. ठेकेदाराच्या माणसांना बेटाच्या कडेचेच बांबू सोपे पडतात आणि कोवळे बांबू कडेलाच असतात. म्हणून तोडीवर देखरेख गावाचीच हवी. शिवाय बांबूला काही दशकांनी एकदाच सामूहिक फुलोरा येतो आणि बेटंच्या बेटं मरतात. बांबूच्या पैशातला एक हिस्सा त्या वर्षांसाठी बाजूला ठेवा.

तेंदूपत्त्यात पैसा झटपट मिळतो. महाराष्ट्रात ७० पानांचा एक पुडा आणि हजार पुड्यांची एक प्रमाणगोणी. उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांत हंगाम आटोपतो. पण कोवळी पानं यावीत म्हणून झुडपं छाटली जातात, जंगलाला आगही लावली जाते, आणि तीत मोहाची, चारोळीची रोपं जळतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने हक्क मिळाल्यावर याच कारणाने तेंदूपत्ता तोडणं थांबवलं आणि बांबूवर भर दिला. रोख पैसा समोर असताना घेतलेला असा निर्णय क्वचित दिसतो. बाकीच्या गावांनी निदान लिलावाआधी अनामत, हप्त्यांच्या तारखा आणि ‘पूर्ण रक्कम जमा झाल्याशिवाय गोदामातून माल हलणार नाही’ ही अट करारात घालावी. ग्रामसभेचं बँक खातं आणि पॅन आधीच काढून ठेवा.

कामाची हमी

मागेल त्याला काम ही कल्पना जगाला आज नवी वाटते. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रात ती १९७२ च्या दुष्काळात राबवली गेली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. मुंबई-पुण्यातल्या पगारपत्रकावर फेब्रुवारी सोडून दर महिन्याला दिसणारी व्यवसाय कराची २०० रुपयांची कपात मुळात याच योजनेच्या खर्चासाठी १९७५ मध्ये सुरू झाली. केंद्राचा कायदा आला २००५ मध्ये. केंद्राची चौकट बदलत राहते. दिवस किती, शेतीच्या हंगामात काम बंद का, निधी कोणाचा, हे त्या वर्षीच्या शासन आदेशात पाहूनच गावाने आराखडा करावा.

पाच पर्यायांत भूमिहीनांपर्यंत थेट पोहोचणारा हा एकच. पण हमी मागणीवर चालते आणि मागणी कागदावर. काम मागणीचा अर्ज (नमुना ४) दिला की तारीख घातलेली पोच (नमुना ५) तिथेच घ्यायची. १५ दिवसांत काम न मिळाल्यास बेरोजगार भत्ता ही तरतूद पोचपावतीशिवाय कागदावरच राहते. ‘काम निघालं की सांगतो’ असं तोंडी उत्तर आलं, तर मजुरांनी गटाने जाऊन अर्ज द्यावा.

दुसरा धोका कामाच्या प्रतीचा. ६० सेंटिमीटर रुंद, ४५ सेंटिमीटर खोल, १०० मीटर लांब समतल चर एकदा भरला की २७ घनमीटर पाणी धरतो. मात्र तो खरोखर समतल असेल तरच. आखणी डोळ्याच्या अंदाजाने केली तर चराचा नाला होतो, पाणी सखल टोकाला धावतं, बांध फुटतो आणि खालचं रान खरवडून जातं. ए-फ्रेमने किंवा हायड्रोमार्करने (समान पातळी शोधायची साधी साधनं) रेषा आखून चुन्याने खूण करा, मगच कुदळ लावा. क्रम माथ्यापासून पायथ्याकडे. नाल्यावरचा बंधारा आधी बांधला की दोन पावसांत गाळाने भरतो. आणि मुरवलेलं पाणी कोणाच्या विहिरीत जाणार हे आधी ठरलं नसेल, तर मजुरांच्या घामाने बागायतदाराचं पाणी वाढतं, एवढंच होतं.

शेतकरी उत्पादक कंपनी

सहकाराची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. १९५० मध्ये प्रवरेला उभा राहिलेला साखर कारखाना ही तिची मोठी खूण. राजकारणाने सहकाराचं काय झालं तेही सर्वांना ठाऊक आहे. त्यावर उतारा म्हणून कंपनी कायद्यात उत्पादक कंपनी आली. किमान १० उत्पादक, ५ ते १५ संचालक आणि शेअर कितीही असले तरी माणशी एक मत.

उत्साहात नोंदणी होते, गणित मात्र नंतर कळतं. ५०० सभासदांनी प्रत्येकी १० क्विंटल सोयाबीन दिलं, भाव ४,५०० धरला, तर उलाढाल सव्वादोन कोटींची. एक टक्का सुटला तर सव्वादोन लाख. व्यवस्थापकाला महिना २५ हजार म्हणजे वर्षाला तीन लाख. लेखापरीक्षण, गोदाम, बारदाना, हमाली अजून पुढेच. म्हणजे नुसतं गोळा करून विकण्यात कंपनी तोट्यातच राहते. निवडणी-प्रतवारी, डाळ मिल, बियाणं, खतविक्री यांपैकी काहीतरी बारमाही हवं.

पैसे देण्याचा वेग हाच खरा सामना. व्यापारी काट्यावर रोख देतो. कंपनीने ‘पंधरा दिवसांनी’ म्हटलं की सभासद चढ्या भावाच्या वर्षी माल बाहेर घालतो आणि पडत्या वर्षी कंपनीच्या दारात आणून टाकतो. त्यामुळे हंगामाच्या निदान एक पंचमांश खरेदीला पुरेल एवढं खेळतं भांडवल हाती असल्याशिवाय खरेदीची घोषणा करू नका. ओलावा मापक काट्याशेजारी, शेतकऱ्याला दिसेल असा ठेवा. सोयाबीनला १२ टक्के हा नेहमीचा निकष आहे. भांडणं भावापेक्षा ओलाव्याच्या कपातीवर जास्त होतात. वार्षिक विवरणपत्रं चुकली तर प्रत्येक अर्जामागे दिवसाला १०० रुपये विलंब शुल्क चढतं आणि सलग तीन वर्षं चुकली तर संचालक अपात्र ठरतात. बंद पडलेल्या कंपन्यांच्या संचालकांना हे बऱ्याचदा बँकेत गेल्यावर कळतं.

कार्बन क्रेडिट

झाडांनी शोषलेला एक टन कार्बन डायऑक्साइड म्हणजे एक क्रेडिट, ते प्रदूषण करणाऱ्याने विकत घ्यायचं. गावोगाव करार घेऊन फिरणाऱ्यांची संख्या वाढते आहे, म्हणून आकडे मांडून बघू. समजा १०० हेक्टर, हेक्टरी वर्षाला ४ टन, म्हणजे ४०० क्रेडिट. आग-रोगाच्या जोखमीपोटी २० टक्के राखीव गेले, उरले ३२०. दर ५०० रुपये धरला तर १ लाख ६० हजार. निम्मा वाटा कंपनीचा. गावाला ८० हजार, हेक्टरी ८०० रुपये. एवढ्यासाठी वीस, तीस, कधी चाळीस वर्षं जमिनीच्या वापरावर बंधन. हे आकडे गृहीत धरलेले आहेत. समोरच्याने दिलेले आकडे याच रीतीने मांडून पाहा. ‘निव्वळ नफ्याच्या ६० टक्के’ हे ‘एकूण विक्रीच्या ४० टक्क्यांपेक्षा’ कमी असू शकतं, कारण तपासणीचा खर्च आधी कापला जातो. पावसाळी जंगलांच्या क्रेडिटपैकी बरीच पोकळ आहेत, हे २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय पत्रकारांनी काढलेले निष्कर्ष या बाजाराला चांगलेच अडचणीचे ठरले होते, त्यामुळे भाव टिकेल असंही धरू नका. वनहक्काच्या जंगलावर असा करार करताना पूर्ण ग्रामसभेचा ठराव, मराठी मसुदा, आणि चराई व वनोपजाचा हक्क अबाधित राहील हे कलम, या तीन गोष्टींशिवाय सही करू नये.

कुठल्या गावाने काय

जंगल असलेल्या आदिवासी गावाने वनहक्काचा दावा सगळ्यात आधी टाकावा आणि तो मंजूर होईपर्यंतची वर्षं रोजगार हमीच्या कामांवर काढावीत. कंपनी दोन-तीन हंगाम विक्री जमल्यानंतर, तीही शेजारच्या ग्रामसभांचा महासंघ करून भाव मिळवता येत नसेल तरच. मराठवाड्यातल्या, पश्चिम महाराष्ट्राच्या पर्जन्यछायेतल्या गावाने या ऑक्टोबरात ताळेबंद मांडावा, त्यावरून चर-बंधाऱ्यांची जागा ठरवावी, मग कंपनीचा विचार. बागायत आधीच पसरलेली असेल तर सगळी बंदी एकदम घालू नका, सभा उधळते. नवी बोअर नाही आणि नवं शेततळं उपशाने भरायचं नाही, या दोन ठरावांवर बहुमत मिळू शकतं. कोकणात खासगी मालकीच्या डोंगरांवर वनहक्क सहसा लागू होत नाही, तिथे काजू-आंब्याची कंपनी आधी येणं समजण्यासारखं आहे.

कंपनी आणि पाणी समिती दोन्ही असतील तर ती एकमेकींशी बांधून घ्या. कंपनीच्या उपविधीत एक कलम घालता येतं: ग्रामसभेने त्या वर्षी ठरवलेल्या पीक-आराखड्याबाहेरच्या क्षेत्राचा माल कंपनी घेणार नाही. सातबाऱ्यावरच्या पीक नोंदीवरून ते तपासता येतं. संचालक मंडळात याला विरोध होणार, आणि तो सहसा ज्यांची बाग मोठी त्यांच्याकडून. म्हणून हे कलम नोंदणीच्या वेळीच, भागभांडवल गोळा होण्याआधी घाला. नंतर उपविधी बदलायला विशेष ठराव लागतो, म्हणजे मत देणाऱ्यांपैकी तीन चतुर्थांश राजी करावे लागतात.